भाजलेल्या दगडाची नळी

इंदू,

तू गेल्यापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी आरशासमोर उभी राहते आणि तोंड उघडून बघते. दोन बोटं उभी धरून दातांमध्ये घालते. आत गेली, की त्या दिवसापुरती सुटले. जबडा जरा जड वाटला किंवा झोपेत मान अवघडली, की हातपाय गार पडतात. मला इंजेक्शन दिलेलं आहे, अंगावर साधा ओरखडाही नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी बघते. भित्री म्हणून तू मला आठ वर्षं चिडवलंस. आता चिडवायला तू नाहीस आणि भीती मात्र वाढलीच आहे. माझी होती ती आहेच, आणि तू जी कधी बाळगली नाहीस तीही आता माझ्याकडेच आली आहे, असं वाटतं.

कॉलेजच्या वार्षिक अंकात तुझ्याबद्दल चार ओळी येणार आहेत. जन्म, शिक्षण, नोकरी, अकाली निधन. प्राचार्यांनी त्या मला लिहायला सांगितल्या होत्या, मी नाही म्हटलं. मला जे सांगायचं आहे ते छापण्यासारखं नाही. ते तुलाच सांगायचं आहे, आणि दवाखान्यात सांगायचं धाडस झालं नाही.

तू समुद्रकाठच्या त्या प्रयोगशाळेत सहा महिने राहून आलीस, तिथून हे सगळं सुरू झालं. येताना तू एक दगड आणलास. मुठीएवढा, काळा, एका अंगाने काचेसारखा चकाकणारा. जहाजावरून लोखंडी जाळं तळापर्यंत सोडून ओढून काढलेल्या दगडांपैकी त्यांनी टाकून दिलेला तो तुकडा होता. स्टाफरूममध्ये माझ्या तपासायच्या वह्यांवर तो ठेवून तू म्हणालीस की याने ऊन कधी पाहिलेलंच नाही. मी म्हटलं, हा तर आपल्या विहिरींतल्या दगडासारखा दिसतोय. मला वाटलं, तू हिरमुसशील. तू खुर्चीतून उठलीसच. अगदी तोच, म्हणालीस. दोन्ही लाव्हाचेच. एक पाण्याखाली थिजला, एक उघड्यावर, एवढाच फरक.

त्या दगडाच्या फटींतून खरवडलेल्या भुकटीत तुला सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्या दिसल्या होत्या, हलणाऱ्या. तू धावत जाऊन तिथल्या थोरल्या शास्त्रज्ञांना दाखवल्यास. त्यांनी एकदा डोळा लावला आणि तुला हात धुवून यायला सांगितलं. हे तू मला पुष्कळदा सांगितलंस, आणि दरवेळी हसत सांगितलंस, पण ते तुला किती लागलं होतं हे मला कळायचं. पुण्याच्या ग्रंथालयातून तू मासिकं आणायचीस. समुद्राचा तळ फाटतो तिथे आतली उष्णता पाण्याला भेटत असणार, कढत पाणी दगडांतून झिरपत असणार, आणि त्या दगडांत ऊन नको, हवा नको असं काहीतरी जगत असणार, असं तुझं म्हणणं. अजून कुणी तिथे उतरून बघितलेलं नाही. पण बघतील, शकू, म्हणायचीस. आपण म्हाताऱ्या व्हायच्या आत बघतील.

मला त्या कल्पनेचीच भीती वाटायची. हे मी तुला कधी बोलले नाही, तू हसली असतीस. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला दगड हा दगड असलेला बरा वाटतो. तो घट्ट असतो, मेलेला असतो, त्यावर बसता येतं, त्याचं घर बांधता येतं. तू सांगायला लागलीस की आत, पार आत, जिथे काही पोचत नाही तिथेही कुणीतरी आहे, आणि त्याला आपली काही गरज नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मला घराच्या दगडी पायरीवर बसवेना.

आपल्याकडे समुद्र नाही. पण त्या वर्षी दुष्काळाने विहिरी मात्र पाताळात नेल्या. जिकडे जावं तिकडे सुरुंग. जुन्या विहिरी दहा-दहा फूट खाली चालल्या होत्या आणि तळातून ताजा, कधी हवा न लागलेला दगड वर येत होता. लोक आभाळाकडे बघत होते आणि तू खाली बघत होतीस. नगरहून एस.टी.ने कर्जतला जायचं, तिथून चालत वस्त्यांवर. पिशवीत निर्जंतुक केलेल्या बाटल्या, छिन्नी, हातोडी, स्पिरिटचा दिवा आणि तुझ्या आईने, माईंनी, बांधून दिलेल्या दशम्या. केडगावच्या तुमच्या घरातला प्रेशर कुकर आपण बाटल्या उकडायला पळवला होता, कारण कॉलेजचं यंत्र बंद पडलेलं. माई म्हणायच्या, एक दिवस वरणात जंतू निघतील. बोलायच्या आणि कुकर स्वतःच घासून ठेवायच्या.

सोनाबाईंची विहीर तुला मारुतीमामांनी दाखवली. मारुतीमामा म्हणजे विहिरी खोदणाऱ्या टोळीचे पुढारी. सत्तरीला टेकलेला, काटक माणूस, एका कानाने सुरुंगांमुळे बहिरा. सोनाबाईंचे यजमान आणि दीर खडी फोडायच्या कामावर दूर गेले होते. विहिरीचं सगळं त्या एकट्या बघत होत्या. वस्तीवरच्या बारा घरांना त्या विहिरीशिवाय जवळ दुसरं पाणी नव्हतं, आणि तीही आटली होती, म्हणून तर खोदकाम. कॉलेजच्या दोन बाया दगडाचे तुकडे मागायला आल्या आहेत याचं सोनाबाईंना आश्चर्य वाटलं असणार, पण त्यांनी दाखवलं नाही. दगडाला काय तोटा, म्हणाल्या, न्या लागंल तेवढा.

पण तुला वर आलेला दगड नको होता. त्याला माणसांचे हात लागतात, शेण-माती लागते. तुला तळाशी उतरून, सुरुंगाने नुकताच उघडा पडलेला दगड स्वतः फोडायचा होता. मारुतीमामांनी एकच अट घातली. आधी कंदील खाली जाईल, विझला नाही तर माणूस. काठावर यारी होती, दगड वर ओढायची. तिच्या तारेला लोखंडी डबा. तू चपला काढल्यास, पदर खोचलास आणि टांग्यात बसावं तशी त्या डब्यात जाऊन बसलीस. मी काठापासून चार हात दूर. डबा दिसेनासा झाला आणि तारेची कुरकूर तेवढी राहिली. खालून तू काहीतरी ओरडलीस, ते मला कळलं नाही, मी डोळे मिटून घेतले होते. तू वर आलीस तेव्हा तोंडावर काळी धूळ आणि डोळ्यांत असा आनंद की सोनाबाई मला हळूच म्हणाल्या, "बाईला खाली सोनं घावलं काय?"

पाच वेळा तू तिथे उतरलीस. मी एकदाही नाही.

आपण काम असं करायचो. दगड बाहेरून दिव्यावर पोळायचा, मग फोडायचा, आणि आतला कणीएवढा तुकडा उकळून हवा काढलेल्या पाण्याच्या नळीत टाकायचा. वर पातळ केलेल्या मेणाचा थर, म्हणजे हवा आत जाणार नाही. मग नळ्या कपाटाच्या अंधारात. पाणी स्वच्छ राहिलं तर आत काही नाही. गढूळ झालं तर कुणीतरी आहे. सहांतल्या चार गढूळ झाल्या त्या दिवशी तू अख्ख्या स्टाफरूमला पेढे वाटलेस.

मी पेढा खाल्ला आणि तुझा आनंद घालवला. मी म्हटलं, चार नळ्या गढूळ झाल्या हे खरं, पण दगडातल्या जिवांनी केल्या की आपल्या हातांच्या घाणीने, हे कसं ठरवणार? तोच दगड आधी भट्टीत लाल होईतो भाज. त्यात काही जिवंत उरणार नाही. मग तो भाजलेला दगडही तसाच हाताळ, तसाच नळीत टाक. ती नळी स्वच्छ राहिली तरच तुझं खरं. ती गढूळ झाली तर समुद्रकाठचे ते साहेब बरोबर.

तू ऐकलंस, पण मनाने नाही. पुण्याच्या प्राध्यापकांना पत्र लिहून तयार होतं, ते तुला पाठवायचं होतं. आठवडाभर आपण यावरून वाद घातला. शेवटचं भांडण सोनाबाईंच्या वस्तीवर, विहिरीच्या काठावर झालं. त्याच दिवशी तळाला पाण्याची पहिली ओल फुटली होती आणि सगळी वस्ती गोळा झाली होती. तू नुकतीच वर आली होतीस. उतरताना की चढताना कोण जाणे, दगडाची धार तुझ्या तळपायात घुसली होती. तू अनवाणी, रक्ताळलेल्या पायाने तिथे बैल बांधतात त्या जागेत उभी राहून माझ्याशी भांडत होतीस. मी पुन्हा भाजलेल्या दगडाचं काढलं आणि तू म्हणालीस, "तुला मेलेल्या वस्तूंचीच सवय आहे, शकू. जिवंत काही दिसलं की तुला आधी ते मारावंसं वाटतं."

सोनाबाईंनी तुझ्या पायाला हळद लावून चिंधी बांधली. मला मनात आलं होतं की कर्जतच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं. लोखंड, दगड, शेण, उघडी जखम. मला हे माहीत होतं, इंदू. तुलाही माहीत होतं, तू तर जंतूंचीच बाई. पण तू रागात होतीस आणि मी रुसले होते. एस.टी. लागली होती. दवाखाना स्टँडपासून पाच मिनिटांवर. मी काही बोलले नाही. नगरपर्यंत आपण शेजारी बसलो होतो. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मनात जुळवत होते की तुला काय काय सुनवायचं. तू उतरलीस, तेव्हा जरा लंगडत होतीस. मला वाटलं, उद्या सांगेन.

दुसऱ्या दिवशी तू भाजलेले दोन तुकडे घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. घे, तुझे मेलेले, म्हणालीस आणि हसलीस. मीही हसले. आपण दोघींनी मिळून नव्या आठ नळ्या भरल्या, सहा ताज्या दगडाच्या, दोन भाजलेल्या. भांडण मिटलं याचा मला इतका आनंद झाला की पायाचं मी विसरूनच गेले. तो विसर मला रोज आठवतो.

दहाव्या दिवशी तू भाकरी चावता येईना म्हणून तक्रार केलीस. दाढ असेल, म्हणालीस. मी तुझ्याकडे बघितलं आणि मला तुझा पाय आठवला. त्या संध्याकाळी मी तुमच्या घरी आले ते तुला दवाखान्यात न्यायचंच असं ठरवून. माई स्वयंपाकघरात होत्या. तू ओसरीवर बसून हसण्याचा प्रयत्न करत होतीस आणि ते हसू तोंडावर चिकटल्यासारखं तसंच राहत होतं. आत कुकरची शिट्टी झाली. तुझी पाठ मागे वाकली. तू खुर्चीतून खाली गेलीस, तेव्हा डोकं आणि टाचा तेवढ्या जमिनीला टेकल्या होत्या, आणि तू पूर्ण शुद्धीवर होतीस. माझ्याकडे बघत होतीस. माई धावत आल्या. मला वाटतं मी ओरडले, आणि माझ्या ओरडण्याने तुला दुसरा झटका आला.

दवाखान्यात तुला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. खिडक्यांना काळी कापडं. दाराशी बसलेल्यांनी चपला काढायच्या, कुजबुजायचंही नाही. ताटली पडली, दार वाजलं, कुणी खोकलं, की झटका. मी जन्मभर आवाजांना घाबरत आले, दिवाळीच्या फटाक्यांनाही, पण आवाज माणसाचं काय करू शकतो हे मी त्या खोलीत पाहिलं. माई पदर तोंडात धरून बसायच्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे जंतू हवेशिवाय जगतात, माती-शेणात असतात, खोल जखमेत हवा पोचत नाही तिथे वाढतात. ते मला समजावून सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आपल्या मेणाने बंद केलेल्या नळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजात आले. कपाट उघडलं ते सवयीने. ताज्या दगडाच्या तीन नळ्या गढूळ होत्या. आणि भाजलेल्या दोनपैकी एक. दुसऱ्या क्रमांकाची. दुधाचा थेंब पडल्यासारखी.

मी ती उजेडाकडे धरून कितीतरी वेळ उभी राहिले. माझं बरोबर होतं. दीड वर्षाचं काम, पाच वेळा विहिरीत उतरणं, तुझा पाय, ते सगळं कशासाठी झालं ते मला त्या नळीत दिसत होतं. बरोबर असण्याची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी मी तुझ्याजवळ बसले होते. अंधारात मला तुझे डोळे तेवढे दिसत होते. तुझे दात मिटलेले, पण त्यांच्या फटीतून तू बोललीस. मी कान तुझ्या तोंडाजवळ नेला.

"भाजलेली?"

मी म्हटलं, "स्वच्छ आहे, इंदू. दोन्ही स्वच्छ आहेत."

तू डोळे मिटलेस. कदाचित दमली होतीस म्हणून. मला मात्र ते समाधानाचं वाटलं, आणि तेच मला सोसत नाही. पहाटे तू गेलीस.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, ते सांगते. माईंनी तुझ्या खोलीतले सगळे दगड एका गोणीत भरून ओसरीवर ठेवले आणि मला निरोप पाठवला. मी गेले तर त्या म्हणाल्या की हे घरात नकोत, आणि हा कुकरही घेऊन जा, मला त्याची शिट्टी ऐकवत नाही. मग गोणीचं तोंड बांधता बांधता त्यांनी विचारलं, "खरं सांग शकू, माझ्या पोरीला त्या दगडातल्यांनीच नेलं ना?"

मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, ते जंतू अंगणातल्या मातीतही असतात म्हणून सांगितलं. त्यांनी अंगणाकडे अशा नजरेने बघितलं की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला. दुसऱ्या दिवसापासून त्या अंगणात पाय ठेवत नाहीत. मागच्या दाराने जातात-येतात.

कॉलेजात नळ्या जाळून टाका असं ठरलं. मला कुणाला दोष द्यायचा नाही, सगळेच घाबरले होते, शिपाई तर त्या कपाटाजवळून जाताना श्वास रोखून धरायचा. मी स्वतः सगळ्या नळ्या कुकरमध्ये उकळल्या. एवढंच की आधी वही काढून बसले आणि कोणती कशी आहे ते लिहायला घेतलं. तुझ्या अक्षराखाली माझं अक्षर. भाजलेल्या दुसऱ्या नळीपाशी हात थांबला. ती जागा मी कोरी सोडली.

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी सोनाबाई कॉलेजात आल्या. कर्जतहून एकट्या, विचारत विचारत. मुलींच्या घोळक्यात डोक्यावरचा पदर सावरत उभ्या होत्या. त्यांना मी बाकावर बसवलं, पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. मग सगळं सांगितलं. विहिरीला चांगलं हातभर पाणी आलं आहे. पण वस्तीवर बोलणं उठलं की सुरुंगाने खालचं काहीतरी जागं झालं, त्याने बाईला धरलं. कुणी पाणी भरत नाही. बाया पोरांना घेऊन तीन मैलांवरून हंडे आणतात. मारुतीमामांची टोळीही खाली उतरायला तयार नाही.

"तुमी शिकलेल्या हाय," सोनाबाई म्हणाल्या. "आमच्या इहिरीत काय हाय का न्हाई, तेवढं खरं सांगा. असंल तर आमी बुजवून टाकू."

धनुर्वात पाणी पिऊन होत नाही, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आत काही आहे का, हे मात्र त्यांनी विचारलं होतं, आणि ते मला माहीत नव्हतं. तू असतीस तर हो म्हणाली असतीस आणि तासभर इतकं गोड समजावलं असतंस की त्या हसत गेल्या असत्या. मी म्हटलं, मला माहीत नाही, पण मी येऊन बघते. हे शब्द तोंडातून गेल्यावर मलाच धक्का बसला. सोनाबाई उठल्या आणि म्हणाल्या की बघून भागणार नाही, वस्तीसमोर पिऊन दावावं लागंल.

रविवारी मी गेले. इंजेक्शन घेऊन, पायात वहिनीने दिलेले भावाचे बूट घालून, तुझी पिशवी घेऊन. मारुतीमामांनी आधी कंदील सोडला. मी देवाला मनात म्हणत होते की तो विझू दे. विझला असता तर मला परत जाता आलं असतं. तो जळतच राहिला. मी डब्यात बसले. काठावर बारा घरांची माणसं.

खाली जाताना मी डोळे मिटून मूलद्रव्यांची नावं म्हणत होते, मुलींकडून पाठ करून घेते तशी. सोडियमपाशी विसरले. सोडियमनंतर काय येतं हे मला आठवेना आणि मी रडायला लागले. अंगाला गार ओल लागली, सुरुंगाच्या दारूचा वास आला, डोळे उघडले तर चारी बाजूंनी काळा, घामेजलेला दगड, आणि वर ताटलीएवढं आभाळ. तू पाच वेळा इथे आलीस आणि मी एकदाही तुला विचारलं नाही की खाली कसं वाटतं. मला वाटलं होतं, खाली गेल्यावर तू जवळ वाटशील. नाही वाटलीस. फक्त भीती वाटली, इतकी की दात वाजत होते, आणि दात वाजले म्हणजे जबडा सुटा आहे, हाही विचार मनात येऊन गेला. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी दिवा पेटवला, भिंतीतला दगड पोळला, छिन्नी लावली. हात इतके थरथरत होते की तीनदा हातोडी बोटावर बसली. तरी हातमोजे फाटू दिले नाहीत. सहा तुकडे घेतले. भाजायला वेगळे चार.

वर आल्यावर सोनाबाईंनी त्याच विहिरीचं पाणी तांब्यात काढून माझ्यापुढे धरलं. मला ते उकळून हवं होतं, पण ते म्हणायची सोय नव्हती. मी प्यायले. पूर्ण तांब्या. पाणी गार होतं आणि जरा लोखंडासारखं लागलं. माझ्यामागून सोनाबाई प्यायल्या, मग मारुतीमामा. बाकीचे निघून गेले. परत येताना कर्जतच्या स्टँडवर मी त्या दवाखान्याची पाटी बघत बसले होते. खरंच पाच मिनिटंही नाहीत.

पुढचे दहा दिवस मी आरशाशी दिवसातून दहादा जात होते. अकराव्या दिवशी सोनाबाईंचा निरोप आला की सात घरं पाणी भरायला लागली आहेत. पाच अजून लांब जातात. मारुतीमामांनी खोदकाम पुन्हा धरलं, पण उतरण्याआधी ते आता विहिरीला नारळ फोडतात आणि तुझं नाव घेतात. तुला हे आवडलं नसतं. मला आवडलं की नाही, ते अजून ठरत नाही.

नळ्या मी घरी भरल्या, स्वयंपाकघराची दारं-खिडक्या बंद करून, तुझ्या कुकरमध्ये सगळं दोनदा उकळून. सहा ताज्या दगडाच्या, चार भाजलेल्या. वहिनीला सांगितलं की कॉलेजच्या परीक्षेचं काम आहे. कपड्यांच्या कपाटात मागे ठेवल्या. ते कपाट मी रोज उघडायचे, आणि मला कळेना की मी कशाला जास्त घाबरते आहे. सगळ्या स्वच्छ राहिल्या तर तुझं सारं वाया गेलं. भाजलेली पुन्हा गढूळ झाली तर माझे हातच घाणेरडे. आणि तुझं खरं निघालं, तर दगड आता कधीच नुसता दगड राहणार नाही.

वहीतली कोरी जागा मी मागच्या सोमवारी भरली. भाजलेला दगड, नळी क्रमांक दोन, अकरावा दिवस, गढूळ. खाली तारीख आणि माझी सही. तुला मी खोटं सांगितलं होतं. क्षमा मागत नाही, कारण पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन. पण वहीत खोटं ठेवता येणार नव्हतं, ते तूही ठेवू दिलं नसतंस.

आज तेविसावा दिवस. भाजलेल्या चारही नळ्या स्वच्छ आहेत. ताज्या दगडाच्या सहांपैकी पाच स्वच्छ आहेत. सहावी परवापासून गढूळ आहे. आज कॉलेज सुटल्यावर मी तिच्यातला थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बारीक काड्या आहेत. आखूड, टोकांना गोल. हलतात.

मी डोळा काढून घेतला. खोलीत कुणी नव्हतं. पायाखालची फरशी, भिंत, टेबलावरचा तो समुद्राचा दगड, सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. दार उघडून पळावंसं वाटलं. पळाले नाही. पुन्हा डोळा लावला आणि त्यांचं चित्र वहीत काढलं, जमेल तसं. तुझ्यासारखं नीट येत नाही.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माईंनाही नाही, प्राचार्यांनाही नाही. पहिल्यांदा तुलाच सांगते आहे.

आणि सांगून ठेवते, सहांत एक नळी म्हणजे पुरावा नव्हे. माझे हात थरथरत होते. मेणाला बारीक चीर असेल. पुन्हा उतरायला हवं, पुन्हा दगड आणायला हवा, आणखी वीस नळ्या भरायला हव्यात, आणि तोवर पुण्याला एक अक्षरही लिहायचं नाही. माझं म्हणणं हे असं आहे, आणि ते बदललेलं नाही.

भांड ना, इंदू.